गॅरंटीतली माणसं

तीर्थस्वरूप अक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून (आणि ते वर उचलताना कंबरेला हात लावून) धाकट्याचा नमस्कार. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. हे या वेळी मी नुसतं रीत म्हणून लिहीत नाही. आमची खुशाली डॉक्टरांनी तपासून, खाली सही करून दिलेली आहे. तुझी खुशाली मात्र विचारत नाही, कारण विचारली की तू "मला काय धाड भरलीय" एवढंच म्हणतेस आणि उलट माझ्याच खोकल्याची चौकशी करतेस. खोकला बरा आहे.

मास्तरीणबाईंनाही नमस्कार. तो तू त्यांना सांगायची गरज नाही, हे पत्र त्याच वाचत असतील. तुझा चष्मा गेली दोन वर्षं दुरुस्तीला दिलेला आहे आणि तोवर शेजारच्या मास्तरीणबाई तुला पत्रं, औषधाच्या बाटल्या आणि विजेची बिलं वाचून दाखवतात, हे मला ठाऊक आहे. (चष्म्याच्या एका काडीला इतका वेळ लावणारा कारागीर मला एकदा भेटवच. मी स्वतः दुरुस्तीच्या धंद्यात आहे. असा माणूस आमच्या बाजारात आठवडाभर टिकायचा नाही.) मास्तरीणबाई, तुम्ही शाळेतून निवृत्त झाला असलात तरी तुमचा लाल पेन निवृत्त झालेला नाही, म्हणून आधीच विनंती करतो की माझ्या शुद्धलेखनाच्या चुका मनातल्या मनात सुधाराव्यात. कंसातला मजकूर वाचायचा की गाळायचा ते तुमच्यावर सोडतो. फक्त माझं बोलणं रडक्या सुरात वाचू नये. मागच्या पत्राच्या वेळी तुम्ही तसं केलंत आणि अक्काने त्यावरून मला सर्दी झाल्याचं अनुमान काढलं.

फोन सोडून पत्र का लिहितोय, असं तुझ्या मनात येईल. अक्का, फोनवर मी "डोळा" हा शब्द काढला की तुझ्याकडे दारावर कोणीतरी येतं. गेल्या काही महिन्यांत तुझ्या दारावर इतकी माणसं आली आहेत की एव्हाना तुझं घर म्हणजे हॉटेल व्हायला हवं होतं. पत्र असं मध्येच कापता येत नाही. शिवाय मास्तरीणबाई कुठलीच गोष्ट अर्धवट सोडत नाहीत, हे तूच मला सांगितलं आहेस.

तू घाबरू नकोस, तुझ्या डोळ्यांबद्दल मी या पत्रात उपदेश करणार नाही. मागच्या खेपेला आलो होतो तेव्हा तू माझ्यादेखत चहा कपाच्या शेजारी ओतलास आणि "कप हलला" म्हणून कपालाच रागावलीस, तेव्हाही मी काही बोललो नव्हतो. मग तू म्हणालीस की शिवणकाम सोडलंय, कारण मशीन बिघडलंय. मी मशीन उघडलं, पायडल मारलं, कान लावला. मशीनला काहीही झालेलं नव्हतं. ज्या मशीनवर तू गावभराचे कपडे शिवून मला वाढवलंस, जे सारखं बिघडायचं म्हणून मी दुरुस्ती शिकलो आणि पुढे त्याच दुरुस्तीवर माझं घर चाललं, त्या मशीनचा आवाज मी झोपेतही ओळखीन. तरी "एक भाग बदलावा लागेल" असं सांगून मी ते इकडे उचलून आणलं. त्याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी आमच्या घरात काय काय झालं ते ऐक, म्हणजे तुझी करमणूक होईल.

झालं असं की आजवर आरोग्य विमा म्हणजे मोठ्या कचेऱ्यांत पंख्याखाली बसणाऱ्यांची गोष्ट होती. गेल्या वर्षी सरकारला अचानक आठवण झाली की लहान दुकानदारांनाही शरीर असतं. आमच्या बाजाराच्या संघाचा चिटणीस (तोच, छत्र्या दुरुस्त करणारा, उन्हाळाभर भाषणं करतो) दुकानोदुकानी फिरला, आमचे फोटो काढून घेतले आणि थोड्या दिवसांनी प्रत्येकाच्या घरी एकेक कार्ड आलं. कार्ड दाखवा, दवाखान्यात जा, तपासून घ्या. तुझ्या भावजयीने ते कार्ड कपाटात चांगल्या चादरींच्या खाली ठेवून दिलं. पाहुणे आले की काढायच्या वस्तू आमच्याकडे तिथे असतात.

आता तुला आपल्या घराण्याची रीत सांगायला नको. दुखणं अंगावर काढायचं. दुसऱ्या घरांत पूर्वजांच्या पराक्रमाच्या गोष्टी सांगतात, आपल्याकडे कोणी काय किती काळ अंगावर काढलं ते सांगतात. बाबांनी दाढदुखी अंगावर काढली, काकांनी मोडलेलं बोट अंगावर काढलं (ते पुढे तसंच वाकडं राहिलं आणि दिशा दाखवताना लोक भलत्याच गल्लीत शिरायचे), आणि तू तर आम्हा सगळ्यांनाच अंगावर काढलंस. फारच झालं तर कोपऱ्यावरचा औषधवाला. तो काउंटरवरूनच "वर की खाली?" एवढंच विचारायचा. दुखणं कंबरेच्या वर असलं तर पांढरी गोळी, खाली असलं तर पिवळी. कंबरच दुखत असली तर दोन्ही. याच्या पलीकडचं वैद्यकशास्त्र आमच्या बाजाराला माहीत नव्हतं आणि त्यावाचून आमचं अडलंही नव्हतं, किंवा अडलं असेल तर ते सांगायला मागे कोणी राहिलं नव्हतं.

पहिली उडी किल्लीवाल्याने मारली. माझ्या दुकानाला लागून त्याची टपरी. तो खांदा दुखतो म्हणून गेला आणि खांद्याचा एक्स-रे घेऊन आला. तो फोटो बघून त्याला इतका आनंद झाला की पुढच्या आठवड्यात तो गुडघ्याचा घेऊन आला, मग मनगटाचा. कार्डावर आहे म्हटल्यावर दुखणं शोधायला त्याला वेळ लागेना. हे सगळे फोटो त्याने टपरीच्या काचेवर लावले आहेत आणि मागे बल्ब सोडला आहे. गिऱ्हाईक आधी हाडं बघतं, मग किल्लीचं बोलतं. डॉक्टरांनी अखेर त्याला लेखी दिलं की तुमच्या हाडांना काही झालेलं नाही, तुम्ही स्टुलाची उंची बदला. त्याने स्टूल बदललं, खांदा दुखायचा थांबला, आणि तो बिचारा आता जरा उदास असतो.

ते बघून मी एक सिद्धान्त मांडला. तू हसशील, पण आधी ऐक. माझ्याकडे दोन तऱ्हेची गिऱ्हाईकं येतात. एक गॅरंटी असलेली, एक गॅरंटी संपलेली. गॅरंटीवालं गिऱ्हाईक मशीनने जरा कुरकूर केली की हजर. दोरा तुटला, आलं. पट्टा सैल, आलं. एकदा एक बाई मशीनला वास येतो म्हणून आल्या होत्या (वास शेजारच्या खिडकीतून येत होता). गॅरंटी संपलेलं गिऱ्हाईक मात्र मशीन पार ठप्प होईपर्यंत येत नाही, आणि येतं तेव्हा मशीन पोत्यात असतं. गेली तीस-पस्तीस वर्षं मी गॅरंटीवाल्यांची टिंगल करत आलो. आता अख्खा बाजारच गॅरंटीत आला आणि किल्लीवाल्यासारखा जो तो कुरकूर घेऊन निघाला, तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, की फुकटचं म्हटलं की माणसाला दुखायला लागतं. हे वाक्य मी बऱ्याच जणांना ऐकवलं. ते पुढे माझ्याच अंगाशी कसं आलं ते कळेलच.

आमच्या घरातून पहिले गेले सासरेबुवा. ते आमच्याकडे राहायला आल्यापासून त्यांना ऐकू येत नव्हतं, आणि वय झालं म्हटल्यावर ते तसंच असणार असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलायची आम्हाला सवयच लागली होती. तुझी भावजय म्हणाली, कार्ड आहेच तर बाबांचे कान दाखवून आणू. मी म्हणालो, कशाला? त्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी रिक्षा बोलवायला गेलो. दवाखान्यात एका पोरसवदा डॉक्टरने कानात नळी घातली, पाणी सोडलं आणि दोन्ही कानांतून मिळून जो मळ काढला तो बघायला शेजारच्या खोलीतून माणसं आली. बस, एवढंच होतं. इतकी वर्षं म्हातारा बहिरा नव्हता, बंद होता.

घरी आल्यावर त्यांनी पहिलं काय ऐकलं असेल, तर मी बायकोला हळूच विचारलं की आता यांच्यासमोर सांभाळून बोलायला लागेल का. "लागेल, जावईबापू," सासरेबुवा म्हणाले. तेव्हापासून घराची कळा बदलली. नळ ठिबकतो, कडी वाजते, मी चहा पिताना आवाज करतो, सगळं त्यांना ऐकू येतं आणि ते सगळ्याची नोंद देतात. एकदा तर त्यांनी डॉक्टरांना विचारलं की जग फार कलकलाट करतंय, थोडा मळ परत घालता येईल का. पण अक्का, हल्ली संध्याकाळी ते आणि तुझी भावजय गप्पा मारत बसतात. बाप-लेक एकमेकांशी ओरडून न बोलता बोलताहेत हे मी आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा बघतोय. मी स्वयंपाकघरात उगाच भांडी पुसत उभा राहतो आणि ऐकतो.

मग तुझी भावजय गेली. तिची टाच दुखायची. टाचेचं कारण चपला निघाल्या, म्हणजे माझा सिद्धान्त पुन्हा खरा ठरला आणि मी तसं बोलूनही दाखवलं. पण त्या डॉक्टरांनी जाता जाता रक्त तपासायला पाठवलं. तुला आठवतं ना, ती केर काढता काढता मध्येच "जरा टेकते" म्हणून बसायची? आपण तिला त्यावरून चिडवायचो, मी जास्तच. तिच्या अंगात रक्तच कमी होतं. डॉक्टर म्हणाले, एवढ्या रक्तावर या घर कसं चालवत होत्या? मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. घरी येताना मी तिच्या हातातली पिशवी घेतली तर तिने संशयाने माझ्याकडे बघितलं. आता गोळ्या चालू आहेत, गालांवर रंग आलाय, आणि ती टेकत नाही. दुसऱ्यालाही टेकू देत नाही. गेल्या महिन्यात तिने माझ्याकडून माळा आवरून घेतला, शिवाय सासरेबुवा खाली उभे राहून कुठे काय वाजलं ते सांगत होते.

इथून पुढची हकिगत माझी स्वतःची आहे. (मास्तरीणबाई, इथे थांबून अक्काला पाणी द्या आणि स्वतःही घ्या.)

तुझा विचार मनात होताच. म्हटलं, डोळ्यांच्या विभागात जाऊन नुसती चौकशी करावी, की एखाद्या बाईला कप दिसत नसेल तर तिला काय झालेलं असतं. चौकशीला काही कार्ड लागत नाही. दवाखान्यात मरणाची गर्दी. कार्डं आल्यापासून तिथे बाकांवर जागा मिळत नाही, लोक भिंतीला पाठ लावून उभे असतात, आणि सगळे एकमेकांच्या ओळखीचे. आमचा अख्खा बाजार तिथे भरला होता. मी आपला कॉरिडॉरच्या टोकाला उभा. समोर एक चाकांची खुर्ची रिकामी ठेवलेली. इतक्यात एक आया ती खुर्ची बाजूला सारते काय, आणि त्या चाकाने असा काही आवाज काढला की माझे दात शिवशिवले.

आता तूच सांग, माझ्या खिशात तेलाची कुपी कायम असते. मला राहवेना. मी खाली बसलो, चाकाच्या आसात दोन थेंब सोडले, फिरवून बघितलं, पुन्हा एक थेंब सोडला. पण खुर्ची रिकामी फिरते ती वेगळी आणि वजन घेऊन फिरते ती वेगळी. आपल्या धंद्याचा नियमच आहे, मशीन चालवून बघितल्याशिवाय गिऱ्हाईकाला द्यायचं नाही. म्हणून मी खुर्चीत बसलो आणि स्वतःच चाकं ढकलत कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. सुरेख चालत होती. परत वळतो तोच मागून एका वॉर्डबॉयने खुर्ची धरली. "आजोबा, कुठे फिरताय? तुमचा नंबर कधीचा पुकारला!" मला "आजोबा" या शब्दाचा इतका धक्का बसला की बोलायचं राहून गेलं. मी वळून काही सांगेपर्यंत खुर्ची एका अंधाऱ्या खोलीत पोचली होती (आवाज न करता, हे लक्षात घे), आणि एक नर्स "वर बघा" म्हणाली.

अक्का, हा सगळा तुझा दोष आहे. लहानपणी तू माझ्या नाकाला धरून औषध पाजताना ज्या सुरात "वर बघ" म्हणायचीस, अगदी तोच सूर. त्या सुरात मला कोणी सांगितलं तर मी आजही वर बघतो. मी वर बघितलं आणि तिने दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले. मी म्हणालो, मी तो नव्हे. ती म्हणाली, डोळे मिटा. मी मिटले. थोड्या वेळाने तिने पुन्हा उघडायला लावून पुन्हा थेंब टाकले. मी पुन्हा म्हणालो, मी फक्त तेल घालत होतो. त्यावर ती शेजारच्या नर्सला म्हणाली की आजोबा जरा गोंधळलेत, त्यांच्याबरोबर कोणी आलंय का बघ.

एवढ्यात खुर्चीचा खरा मालक उगवला. तो स्वच्छतागृहात गेला होता. गुडघ्यांमुळे त्याला पाऊल टाकवत नाही म्हणून ती खुर्ची दिलेली, पण खुर्ची पळवली म्हटल्यावर तो इतका संतापला की कॉरिडॉरभर तरातरा चालत आला आणि दारात उभा राहून "माझी खुर्ची!" म्हणून ओरडला. त्याची सून पाठोपाठ आली. तिने त्याला एवढं चालताना बघून जे तोंड केलं ते मला दिसलं असतं तर बरं झालं असतं, पण तोवर थेंबांनी आपलं काम केलं होतं आणि मला सगळं जग पाण्यात बुडाल्यासारखं दिसत होतं.

डॉक्टरबाई आल्या. आवाजावरून आपल्या मास्तरीणबाईंच्या शेवटच्या बॅचमधल्या असाव्यात इतक्या लहान. मी सगळं सांगितलं. बहिणीचं विचारायला आलो होतो, मग खुर्ची वाजली. त्या हसल्या नाहीत, म्हणजे मला दिसलं नाही. म्हणाल्या, "बहिणीला घेऊन या. तिचा डोळा इथे बसून मला कसा कळणार? तोवर तुमचाच दाखवा, थेंब घातलेच आहेत." त्यांनी यंत्रावर माझी हनुवटी ठेवली, बराच वेळ आत बघितलं आणि मग विचारलं, तुम्ही काय काम करता. शिलाई मशीन दुरुस्त करतो, म्हणालो. त्यांनी पुन्हा एकदा आत बघितलं. मग म्हणाल्या, "उजव्यात मोतीबिंदू चांगला पिकलाय, डाव्यातही धरलाय. सुई बसवता कशी?"

मी म्हणालो, कानाने आणि बोटांनी. हे मी मोठ्या अभिमानाने म्हणालो. त्या खोलीत कोणीच कौतुक केलं नाही.

थोडक्यात सांगतो. तुझ्या भावजयीने चादरींखालून कार्ड काढलं, माझी पाचावर धारण बसली, आणि माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. हो, झालंसुद्धा. तुला आधी कळवलं नाही कारण तू निघून आली असतीस आणि चाचपडत का होईना, दवाखान्याचा ताबा घेतला असतास. ऑपरेशनमध्ये सांगण्यासारखं काही नाही. टेबलावर झोपवलं, डोळा बधिर केला. एकसारखा खडखड आवाज येत होता, म्हणून मी डॉक्टरबाईंना म्हणालो की तुमच्या यंत्राचं बेअरिंग गेलंय. त्या म्हणाल्या, ते तुमचे दात आहेत. मी दात घट्ट आवळले आणि आवाज थांबला. एखाद्या मशीनचं शटल उघडून साफ करायला मला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात त्यांचं काम आटोपलं होतं.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, आणि आता माझी फजिती ऐक. गेल्या वर्षी मी स्वतः हौसेने घराच्या भिंतींना सायीचा रंग दिला होता. अक्का, भिंती पोपटी आहेत. घरात कोणी बोललं नाही, तुम्हाला आवडला म्हणून आम्ही गप्प बसलो म्हणे. मग दुकानात गेलो. कपडे शिवणाऱ्या एक बाई मशीन न्यायला दारात उभ्या होत्या, जुनं गिऱ्हाईक. मी माझ्याच हाताने दुरुस्त करून ठेवलेलं ते मशीन नव्या डोळ्याने बघितलं. स्क्रू तिरका, सुई वाकडी, दोऱ्याचा ताण भलतीकडे. मी म्हणालो, बाई, हे असं किती दिवस? त्या ओशाळल्या. गेली दोन वर्षं त्या माझ्याकडून मशीन घरी न्यायच्या, पुन्हा खोलायच्या आणि स्वतः नीट लावायच्या. माझ्याकडे यायचं मात्र त्यांनी सोडलं नाही. म्हणाल्या, तुम्ही इतक्या मनापासून करता, सांगवेना.

त्या गेल्यावर मला उमगलं. माझ्या भोवतीची सगळी माणसं मला सांभाळून घेत होती आणि मी समजत होतो की धंदा झकास चाललाय. मग मी एक नवी सुई घेतली, उजेडाकडे धरली आणि पहिल्या झटक्यात दोरा ओवला. दहा वेळा ओवला. किल्लीवाला बाहेरून बघत होता, त्याला वाटलं डोळ्याबरोबर डोकंही गेलं.

तपासणीला पुन्हा गेलो तेव्हा मी डॉक्टरबाईंना माझा तो सिद्धान्त सांगितला, की कार्ड आल्यापासून लोक उगाच येतात, नाही का? तुम्हाला केवढा त्रास. त्या कागदावर काहीतरी लिहीत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "उगाच येतात त्यांचा कंटाळा येतो, काका. पण जे येत नाहीत त्यांची भीती वाटते." नंतर म्हणाल्या की सुरुवातीला अशी झुंबड उडतेच, वर्षानुवर्षांचं साचलेलं असतं, पुढे ओसरते. मी दुकानात येऊन विचार केला. गॅरंटीवाल्या गिऱ्हाईकांची मी इतकी वर्षं चेष्टा केली, पण माझ्याकडची जुनी चालती मशीनं बघितली तर बहुतेक त्यांचीच आहेत. पोत्यातून आलेली नाहीत. वासवाल्या बाईंचं मशीन तर अजून नव्यासारखं चालतं. माझा सिद्धान्त चुकीचा नव्हता असं मी अजूनही म्हणतो, तो फक्त अर्धा होता.

तेव्हा आमचं सगळं छान चाललंय. म्हातारा ऐकतोय, बायको टेकत नाही, मला दिसतंय आणि भिंती पोपटी आहेत. तू आपली काळजी घे. आमच्यासाठी धावपळ करून येऊ नकोस, आम्हाला कसलीच गरज नाही. मास्तरीणबाईंच्या घशाला आराम पडावा म्हणून इथेच पुरे करतो. पायांना पुन्हा एकदा हात लावतो, तेवढा चुकवू नकोस.

तुझा,
धाकटा (एक डोळा नवा)

ताजा कलम: सांगायचंच राहिलं. यंदापासून त्या योजनेत एकट्या राहणाऱ्या थोरल्या बहिणीलाही कुटुंबात धरतात. मी तुझं नाव घातलं. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुझ्या दारावर कोणीतरी आलं असतं. कार्ड आलंय. फोटो म्हणून तुझा तो माझ्या लग्नातला रागावलेला फोटो दिला, दुसरा नव्हता.

आणखी ताजा कलम: हे कार्ड वर्षभरात वापरलं नाही तर ते वर्ष फुकट जातं. सांगून ठेवतो एवढंच. साबणाच्या उरलेल्या चकत्या जोडून नवी वडी करणाऱ्या बाईला हे कळायला हवं म्हणून लिहिलं. पुढच्या सोमवारी डॉक्टरबाईंनी तुझ्यासाठी वेळ राखून ठेवली आहे, तीही फुकट जाईल.

आणखी एक (मास्तरीणबाई, एवढं मनात वाचा, अक्काने का थांबलात विचारलं तर शाई पसरलीय म्हणा): परवा तुम्ही फोनवर सांगितलंत की ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून घसरली आणि उठून "पायरी हलली" म्हणाली. ते ऐकल्यापासून माझं कामात लक्ष नाही. कप हलत होता तोवर ठीक होतं. म्हणून एवढं लांबलचक पत्र लिहिलं, तिला हसू यावं आणि भीती जावी म्हणून. कृपा करून रविवारी तिला बसमध्ये बसवा, खिडकीशी, आणि तुम्हीही बरोबर या. नाहीच ऐकलं तर आजपासून तिचं काहीही वाचून दाखवणं बंद करा. तुम्हाला जमणार नाही हे मला माहीत आहे, पण धमकी तरी द्या.

शेवटचं: पाकिटात घडी घातलेला एक मोठा कागद आहे. तो मास्तरीणबाईंनी वाचायचा नाही. अक्का, तो तू दारात उजेडात धर आणि तूच वाच. दुकानाची पाटी रंगवायच्या ब्रशने लिहिलाय, एकेक अक्षर तळहाताएवढं आहे. तुझं मशीन माझ्या दुकानात काचेच्या आत ठेवलंय, पुसून, तेल घालून. परवाच या नव्या डोळ्याने त्याला नवी सुई बसवली, सरळ बसली आहे. पुढचं मी केलेलं नाही, कारण तुझ्या मशीनमध्ये तुझ्याशिवाय कोणी दोरा ओवलेला तुला चालत नाही. कागदावर एवढंच लिहिलंय (मास्तरीणबाई, हेसुद्धा मनातच वाचा):

ये. दोरा ओवायचा राहिलाय.